हरिश्चंद्र भोईरांचा उजवा पाय

आमच्या घरी मासा म्हणजे सुरमई. सुरमईला मधोमध एक काटा असतो आणि तो इतका सभ्य असतो की स्वतःहून बाजूला होतो. गिरगाव सोडून आम्ही भाईंदरजवळ बेव्हर्ली पार्कला राहायला आलो तेव्हा आईने इथल्या मासेवालीला पहिला प्रश्न विचारला, "काटे नसलेलं काय आहे?" मासेवाली म्हणाली, "पनीर."

हे आधी सांगायचं कारण, चांदणीच्या वडिलांनी मला पाला खायला बोलावलं होतं.

पाला हा खाडीत येणारा मासा. चवीला असा की लोक त्याच्यासाठी भांडतात, आणि आतून टाचण्यांचा डबा. तो मला खायचा होता राई गावात, गोदूबाईंच्या खानावळीत, चांदणीच्या वडिलांच्या समोर बसून. कारण भोईरांच्या, म्हणजे चांदणीच्या, घरात मुलगी कोणाला द्यायची हे पत्रिका बघून ठरत नाही. मुलाला गोदूबाईंकडे जेवायला बसवतात. जेवण झालं की गोदूबाई येऊन ताट बघतात. काटे कसे काढले, कुठे ठेवले, काट्यांबरोबर मासा किती फुकट घालवला. मग चांदणीच्या वडिलांकडे बघून मान हलवतात. उभी किंवा आडवी.

"आडवी हलवली तर?" मी विचारलं.

"तर बाबा तुला रिक्षात बसवतात," चांदणी म्हणाली.

"आणि?"

"आणि रिक्षा जाते."

चांदणी माझ्याच ऑफिसात आहे. आम्ही विमा कंपनीत लोकांचे अपघाताचे दावे तपासतो, म्हणजे माणसाचं काय काय होऊ शकतं याची आम्हाला सविस्तर कल्पना असते. अशा माणसाने निवांत राहावं ही अपेक्षाच चूक आहे.

"अगं, पण हे काय लॉजिक आहे?"

"बाबा बोलतात, ज्याला काटा काढायला धीर नाही त्याला संसाराला कुठून येणार. माझ्या आत्येबहिणीला बघायला आलेला मुलगा इंजिनिअर होता. त्याने खिशातून चिमटा काढला."

"मग?"

"मग ती नवघरला दिली. दुसऱ्याला."

मी सराव सुरू केला. व्हिडिओ बघितले. त्यातली माणसं बोलता बोलता मासा तोंडात टाकतात आणि ओठाच्या कोपऱ्यातून काटे बाहेर येतात, जसं काही आत एक क्लार्क बसलाय. घरी पाला नव्हता, म्हणून आईने उपम्यात उदबत्तीच्या काड्या बारीक मोडून घातल्या आणि मी त्या जिभेने शोधायला लागलो. बाबांना सांगायचं राहून गेलं. त्यांनी त्यांची बशी काही न बोलता संपवली. रिटायर झाल्यापासून ते फार समजूतदार झालेत.

निघताना आईने शेवटची सूचना दिली. "आणि हे बघ, परक्यांच्या घरी तोंडातलं ताटात काढायचं नाही. घाण दिसतं." ही सूचना ती मला बालवाडीपासून देत आली आहे. माझ्या हाडात मुरली आहे. तिचा आणि पाल्याचा आपापसात काही वाद आहे हे त्या क्षणी आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

रविवारी दुपारी मी भाईंदर स्टेशनला उतरून पश्चिमेला रिक्षा पकडली. मुर्धा गाव गेलं, रस्ता अरुंद झाला, एका बाजूला नव्या टॉवरचं फाटक आणि दुसऱ्या बाजूला सुकत घातलेले बोंबील, दोघांचाही वॉचमन एकच. रिक्षावाल्याने विचारलं, "गोदूबाई के यहाँ? लड़की देखने आए क्या?" मी म्हटलं, उलट आहे. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि मीटर बघायचं सोडून दिलं. मला ते लक्षण बरं वाटलं नाही.

खानावळीवर पाटी आहे 'हॉटेल मनोरमा'. मनोरमा कोण हे कोणी सांगत नाही आणि गोदूबाई विचारू देत नाहीत. कौलारू घराचा पुढचा भाग, चार लांब टेबलं, मेनूकार्ड नाही. खाडीत जे सापडलं ते ताटात. बोरिवलीहून गाड्या करून लोक येतात आणि बाहेर उन्हात नंबर लावून उभे राहतात, कारण आत बसलेल्याला ऊठ म्हणायची पद्धत नाही. आणखी एक गोष्ट चांदणीने आधीच सांगून ठेवली होती. मागच्या भिंतीला लागून एक बाक आहे, तोंड भिंतीकडे करून बसायचा. ज्यांच्या घरी मासा चालत नाही ते तिथे बसतात. त्यांना कोणी बघायचं नाही, ओळख द्यायची नाही. त्या दिवशी तिथे एकच पाठ होती, निळ्या चौकड्याच्या शर्टातली.

"तो हितेशभाई," चांदणी कुजबुजली. "त्याच्याकडे बघू नको."

हरिश्चंद्र भोईर आधीच येऊन बसले होते. त्यांचे आजोबा मिठागरात होते, ते स्वतः मंडप डेकोरेटर आहेत. म्हणजे या भागातल्या निम्म्या नवऱ्यांना त्यांनी लग्नाच्या दिवशी जवळून बघितलंय आणि त्यांचं पुढे काय झालं हेही त्यांना माहीत आहे. शेजारी त्यांची आई, पार्वतीआजी. आजी इतक्या बारीक होत्या की खुर्चीत ठेवल्यासारख्या वाटत होत्या, पण डोळे चालू होते.

"नमस्कार काका."

"बस." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, बांबू सरळ आहे का बघतात तसं. "पाला खाल्लास कवा?"

"हो. म्हणजे... वाचलंय त्याबद्दल."

"वाचलाय," ते आईला म्हणाले.

"बरा," आजी म्हणाल्या. "डोले तरी चांगले हायेत."

गोदूबाई आल्या. हातात ताटं, कपाळावर घाम, चेहऱ्यावर काही नाही. माझ्यासमोर ताट ठेवलं. तांदळाची भाकरी, भात, लाल कालवण आणि त्यात पाल्याची एक जाडजूड तुकडी. मी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं तीही बघतेय.

"सुरू कर," काका म्हणाले.

मी सुरू केलं. पहिला घास तोंडात गेला आणि मला कळलं की उपमा आणि पाला यांचा काही संबंध नाही. उदबत्तीची काडी निदान आपण आहोत हे जाहीर करते. इथे केसासारखे काटे, दोन टोकं असलेले, सगळीकडे. मी जिभेने एक पकडला. आता तो बाहेर काढायचा. बोटं ओठांपर्यंत नेली आणि आईचा आवाज आला. घाण दिसतं. समोर होणारे सासरे, शेजारी त्यांची आई. मी हात खाली घेतला, त्या हाताने पाण्याचा पेला उचलला आणि काटा चावून गिळला.

गेला. काही झालं नाही. मग दुसराही गिळला. एकदा पद्धत बसली की माणूस विचार करत नाही. मोठा असेल तर दाढेखाली मोडायचा, बारीक असेल तर भाकरीत गुंडाळायचा. घाम फुटला होता, कानशिलं गरम झाली होती, पण मी हसत होतो. काका मध्ये मध्ये काही विचारत होते, राहता ते घर स्वतःचं का, मंडपात पंखा चांगला की कूलर. मी मान हलवून उत्तरं देत होतो, कारण तोंड उघडण्याच्या परिस्थितीत नव्हतं.

चांदणी माझ्या ताटाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आधी कौतुक होतं, मग शंका, मग सरळ भीती.

"योगेंद्र," ती हळूच म्हणाली, "काटे कुठेयत?"

तेवढ्यात गोदूबाई आल्या. खानावळीतले घास हातातच थांबले. सगळ्यांना माहीत असतं की ताट बघणं चालू आहे. गोदूबाई वाकल्या. ताट उचलून उजेडाकडे धरलं. भाकरीखाली काही लपवलंय का बघितलं. टेबलाखालीही बघितलं, मांजर नव्हतं.

"पोरा," त्या म्हणाल्या, "काटं कंय गेले?"

"खाल्ले," मी म्हणालो.

बाहेर उन्हात नंबर लावून उभा असलेला एक माणूस म्हणाला, "आईशप्पथ."

गोदूबाईंनी काकांकडे बघितलं. मान हलवायची वेळ होती, पण मान हलली नाही. इतक्या वर्षांत हे त्यांच्यासमोर आलंच नव्हतं. उभी हलवावी तर काटे काढलेच नाहीत, आडवी हलवावी तर मासा एक कणही फुकट गेलेला नाही.

"सगले?" काकांनी विचारलं.

"सगळे," मी म्हणालो, आणि 'ळे' म्हणताना घशात उजव्या बाजूला काहीतरी टचकन टोचलं.

मी गिळून बघितलं. टोचलं. पुन्हा गिळलं. पुन्हा टोचलं. माझा चेहरा बदलला असणार, कारण चांदणी उभी राहिली.

"अडकला," ती म्हणाली.

पुढचा काही वेळ माझ्याशी कोणी बोललं नाही, माझ्यावर काम केलं. कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळायला दिला. मग भाकरीचा सुका काठ. मग कोणीतरी केळं आणलं. मग दुसऱ्या टेबलावरच्या बाईंनी सांगितलं, डाव्या हाताने पाणी पी. दर वेळी सगळे एकदम विचारायचे, "गेला?" आणि मी मान हलवायचो. आडवी. आमच्या ऑफिसात मी घशातल्या काट्याचा एक दावा वाचला होता. तो मी आठवायचा नाही असं ठरवलं आणि मग तो पूर्ण आठवला.

"हे न्हाय चालाचा," गोदूबाई म्हणाल्या. त्या काकांकडे वळल्या. "हरिश्चंद्र, ऊठ."

काका उठले नाहीत.

"ऊठ रं. तू पायालू ना? घाल एक लाथ पाठीत. निघंल लगेच."

हे मला कोणीच आधी सांगितलं नव्हतं. आईच्या पोटातून जो पायाकडून जन्मतो तो पायाळू, आणि त्याची लाथ बसली की भरलेली उसण उतरते हे मी ऐकून होतो. राईत ही सेवा घशातल्या काट्यालाही लागू आहे आणि अख्ख्या गावात आज एकच पायाळू उरलाय, आणि तो माझ्यासमोर ताक पितोय, ही माहिती नवीन होती.

"खरंच पायाळू आहेत?" मी घोगऱ्या आवाजात चांदणीला विचारलं.

पार्वतीआजींनी ते ऐकलं. "मंग? पाय पयले, डोस्का नंतर. मी व्हते ना थयंच."

काका उठले. उजव्या पायातली चप्पल काढली. मला भिंतीपाशी नेलं, दोन्ही हात भिंतीला टेकवून वाकवलं. माझ्या अगदी बाजूला हितेशभाई जेवत होते. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. नियम तो नियम.

मागे काकांनी पाय उचलल्याचं लेंग्याच्या आवाजावरून कळलं. मी डोळे मिटले.

"थांब!" पार्वतीआजी ओरडल्या. "जावयाला लाथ घालतोस?"

पाय थांबला.

"जावई कुठं झाला अजून?" काका म्हणाले.

"न्हाय झाला तर घाल. पन मंग ह्यो जावई न्हाय. आज ज्याला लाथ घातली, उंद्या मांडवात त्याचंच पाय धुशील? लोक काय बोलतील?"

"मंडप तर हरिश्चंद्राचाच असंल," कोणीतरी म्हणालं.

मी वाकलेलाच होतो. घशात टोचत होतं. प्रश्न माझ्या पाठीमागे एका पायावर उभा होता. लाथ बसली तर काटा निघेल आणि चांदणी जाईल. नाही बसली तर चांदणी राहील, आणि मी राहीन की नाही सांगता येत नाही.

खानावळीत दोन पक्ष पडले. एक म्हणे आधी जीव. दुसरा म्हणे, रीत ती रीत. बोरिवलीवाले म्हणाले, लाथ हळू मारली तर चालेल का. गोदूबाई म्हणाल्या, हळू मारलेली लाथ ही लाथच नसते, आणि मग तिचा उपयोगही नसतो.

"बाबा, मारा!" चांदणी ओरडली. तिचा आवाज फाटला होता. "मरेल तो! लग्न नको मला, मारा!"

ती हे माझ्यावरच्या प्रेमाने म्हणत होती हे मला आज कळतं. त्या वेळी, त्या अवस्थेत, मला जरा वाईट वाटलं.

"मला चालेल," मी भिंतीला म्हणालो. "म्हणजे... काटा चालेल. राहू दे. लाथ नको."

तेव्हा एक गोष्ट झाली जी राईत पूर्वी झाली नव्हती. हितेशभाई वळले. ताट हातात, मिशीला कालवण, तोंड सगळ्या खानावळीकडे.

"अरे हरीभाई," ते म्हणाले, "कितना सोचते हो! लड़का काँटा निगल गया लेकिन आपके सामने थूका नहीं. ऐसा जमाई किधर मिलेगा? मेरेको तो नहीं मिला." मग आपण वळलो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. सगळ्यांनी पटकन छताकडे बघितलं. ते पुन्हा भिंतीकडे वळले आणि जेवायला लागले.

 काका तसेच एका पायावर. वयाच्या मानाने तोल चांगला होता. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग पाय जमिनीवर टेकला. हळू.

"जावयाला लाथ न्हाय घालीत मी," ते म्हणाले. "चल. डाक्तरकडं."

पार्वतीआजींनी पदर डोळ्यांना लावला. गोदूबाईंनी, आता मान हलवायची जबाबदारी गेली म्हणून असेल, मोकळा श्वास सोडला. चांदणी रडत होती आणि हसत होती आणि मला केळं देत होती. मी सरळ उभा राहिलो. आयुष्यातला सगळ्यात मोठा निकाल लागला होता आणि मला थुंकी गिळता येत नव्हती.

काकांनी मला स्कूटरवर मागे घेतलं. आजी आणि चांदणी खानावळीत थांबल्या. वाटेत ते एकदाच बोलले. "जिता ऱ्हा," म्हणाले. आशीर्वाद होता की सूचना, विचारलं नाही.

रविवारी उघडा असलेला कान-नाक-घशाचा डॉक्टर भाईंदरला सापडला. त्याने नाकातून कॅमेऱ्याची नळी आत घातली. भिंतीवरच्या स्क्रीनवर माझा घसा दिसायला लागला, गुलाबी, ओला आणि लग्नाच्या हॉलएवढा. काका टोपी काढून बघत होते.

डॉक्टरने सगळीकडे नळी फिरवली. मग म्हणाला, "काही नाहीये."

"काय न्हाय?" काका म्हणाले.

"काटा नाही. हा बघा, इथे ओरखडा आहे. काटा खरचटून पोटात गेला. ओरखड्यामुळे अडकल्यासारखं वाटतं. दोन दिवस टोचेल, मग बरं होईल."

"नीट बघा. एवढा मोठा पोरगा हाय. आत कुठंतरी असंल."

"नाहीये हो."

"आनखी खाली बघा."

डॉक्टरने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्हाला काटा हवाय का?"

बाहेर आलो. काका स्कूटरला टेकून उभे राहिले. माझ्यातली काळजी, जी इतका वेळ घशात होती, ती सरळ छातीत उतरली. कारण त्यांच्या चेहऱ्यावर हिशोब चालला होता आणि तो मला कळत होता. काटा नव्हता, म्हणजे लाथेची गरज नव्हती. लाथेची गरज नव्हती, म्हणजे निवड करायची गरज नव्हती. म्हणजे अख्ख्या खानावळीसमोर त्यांनी मुलगी दिली ती एका ओरखड्यासाठी.

"काका," मी म्हणालो, "तुमची इच्छा नसेल तर... तिथे जे बोललात ते..."

"गप."

फोन वाजला. पार्वतीआजी. आवाज मला इथपर्यंत येत होता.

"काय रं, गेला का काटा?"

काकांनी माझ्याकडे बघितलं.  ते आईशी खोटं बोलणारे वाटत नव्हते. खरं बोलले असते तर संध्याकाळपर्यंत राईपासून उत्तनपर्यंत सगळे हसले असते, आणि हसल्यावर माणसं शब्द फिरवतात.

"काढला," काका म्हणाले. "डाक्तरनी काढला."

"केवढा व्हता?"

काकांनी अंगठा आणि बोट यांच्यात अंतर धरलं, फोनवर. "व्हता मोठा."

"घेऊन ये. देवाफुडं ठेवाचा हाय. गोदू बी बघाचा बोलते. सगली थांबलीत हिकडं."

फोन बंद झाला. काकांनी तो खिशात ठेवला. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. एक थांबली, "किधर?" म्हणाली. मला चांदणीचं 'आणि रिक्षा जाते' आठवलं. काकांनी तिला हाताने पुढे जायला सांगितलं.

"आता काटा कंय भेटंल?" ते म्हणाले.

"मार्केटला," मी म्हणालो. "पण या वेळेला उघडं असेल?"

"बघू. बसा मागं."

बाजारात एकच कोळीण उरली होती, पाटी आवरत होती. काका तिच्यासमोर उकिडवे बसले. मीही बसलो.

"पाला हाय का?"

"पाला सकालीच सपला. एक मुंडी हाय नि मधला काटा. मांजरासाठी ठेवलाय."

"काटा दे."

"नुसता?" तिने आम्हा दोघांकडे बघितलं. "कोनाला?"

"जावयाला," काका म्हणाले.

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.  मग मधला काटा उचलला आणि त्याच्या बरगड्या मोडायला सुरी हातात घेतली. "केवढा पायजे?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी बोटं पुढे केली. त्यांचा काटा विटीएवढा होता. माझा नखाएवढा.

"तेवढा घशात राहील का, काका?"

"तुमी काटं गिलनारं मानूस," ते म्हणाले, "तुमाला काय झाला?" आणि बोटं किंचित जवळ आणली.

मी माझी किंचित लांब केली. गिळून बघितलं. टोचत होतंच.